'बुद्धिमत्ता चाचणी'चा सराव करता येत असेल, तर मग बुद्धिमत्ता म्हणजे नेमके काय?

खडूफळा (रविवार, सकाळी ७.४०)

नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत २२ वर्षे शिकवतो आहे आणि त्यांतील बरीच वर्षे शिष्यवृत्ती परीक्षेचा वर्ग माझ्याकडे आहे. दर जूनमध्ये पालक भेटायला येतात, तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येते : "गुरुजी, पोरगं हुशार आहे, पण अभ्यास करत नाही." क्वचित एखादी आई खालच्या आवाजात याच्या उलट सांगते : "अभ्यास खूप करते हो, पण डोक्यातच शिरत नाही तिच्या." पहिल्या तक्रारीत अभिमान दडलेला असतो आणि दुसरीत शरम. जिने कष्ट केले तिच्याबद्दल मान खाली घालून बोलायचे आणि ज्याने केले नाहीत त्याच्याबद्दल मिशीला पीळ द्यायचा, ही रीत मला इतक्या वर्षांनंतरही खटकते.

शिष्यवृत्ती परीक्षेत दीडदीडशे गुणांचे दोन पेपर असतात. दुसऱ्या पेपरात इंग्रजीच्या जोडीला 'बुद्धिमत्ता चाचणी' नावाचा विषय असतो आणि त्याच्या ५० प्रश्नांना १०० गुण, म्हणजे एकूण ३०० गुणांचा तिसरा हिस्सा असतो. नावावरून कोणालाही वाटावे की, मूल जे घेऊन जन्माला आले त्याचे हे मोजमाप आहे. प्रत्यक्षात याच विषयाची सरावपुस्तके बाजारात सर्वाधिक मिळतात, याच विषयाचे जादा तास होतात आणि माझ्या अनुभवात सरावाने सर्वांत झपाट्याने गुण वाढतात तेही याच विषयाचे.

एक उदाहरण देतो. रांगेत एक मुलगी डावीकडून सातवी आणि उजवीकडून नववी उभी आहे, तर रांगेत एकूण मुले किती? जुलैमध्ये बहुतेकांचे उत्तर १६ येते. गेल्या वर्षी मी मुलांना व्हरांड्यात ओळीने उभे केले आणि एका मुलीला दोन्ही टोकांकडून मोजायला सांगितले. दुसऱ्या बाजूने मोजत ती स्वतःपर्यंत आली, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "गुरुजी, मी दोनदा आले." त्यानंतर असा प्रश्न त्या वर्गात सहसा कोणाचा चुकला नाही. फेब्रुवारीत तोच प्रश्न वीस सेकंदांत सोडवणाऱ्या त्या मुलीला पाहून कोणीही परका माणूस म्हणेल की, पोर मुळातच तल्लख आहे. व्हरांडा त्याने पाहिलेला नसतो.

माझे मत असे बनत गेले आहे की, शाळेत आपण जिला हुशारी म्हणतो ती पुष्कळदा आपल्या डोळ्यांआड, आपल्या आधी, दुसऱ्या कोणीतरी करून घेतलेली मेहनत असते. तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. एकाच घरातील, एकाच ताटात जेवणाऱ्या दोन बहिणी माझ्याकडे होत्या. धाकटीला एकदा सांगून समजे आणि थोरलीला पाचव्यांदा. हा फरक मी नाकारत नाही. त्याला कोणते नाव द्यावे आणि त्यावर किती भिस्त ठेवावी, यावर जाणकारांनी लिहावे.

औटकी (रविवार, सकाळी ९.१५)

खडूफळा गुरुजी, विषय चांगला काढलात. माझे वय आता ७४ आहे. आमच्या लहानपणी शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी पाठ करून घेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. माझे येथील नाव त्यावरूनच घेतले आहे. आमच्या पेठेतील दुकानात एक दिवाणजी होते. साडेतीन रुपये भावाने १६ नग घेतले, तर गिऱ्हाईक बोटे मोडत असतानाच ते "सोळा औटे छप्पन्न" असे म्हणून मोकळे होत. सारी पेठ त्यांना अलौकिक बुद्धीचा माणूस समजत असे. त्यांनी ती औटकी सात वर्षांचे असल्यापासून रोज दिवेलागणीला म्हटलेली होती. येथवर मी आपल्याशी सहमत आहे.

परंतु माझ्याबरोबर तोच पाढा म्हणणारी वीसएक मुले होती आणि प्रश्न उलटा फिरवला, म्हणजे ५६ रुपयांत साडेतीनच्या भावाने किती नग येतील असे विचारले, तर लगेच उत्तर देणारी दोनच होती. पाठांतर सर्वांचे सारखे होते. त्या दोघांत काहीतरी वेगळे होते आणि ते कोणी घरी शिकवलेले नव्हते, कारण त्यांतल्या एकाच्या घरी अक्षरओळख असलेले माणूसच नव्हते.

जाता जाता एक गंमत सांगतो. मेहनतीची महती सांगताना वाळूचे कण रगडून तेल काढण्याचा श्लोक आपल्याकडे उठसूट वापरतात, शाळेच्या भिंतीवरही रंगवतात. भर्तृहरीच्या मूळ श्लोकाचे ते वामनपंडितांनी केलेले मराठी रूप आहे आणि त्याचा शेवट कोणी वाचत नाही. वाळूतून तेल एक वेळ निघेल, मृगजळाने तहान भागेल, सशाचे शिंगही सापडेल, पण मूर्खाचे मन वळवता येणार नाही, असे कवीला म्हणायचे आहे. म्हणजे प्रयत्नवादाचा आपला लाडका दाखला प्रयत्नाची हद्द सांगण्यासाठीच लिहिलेला आहे.

सडेतोड (रविवार, दुपारी १२.०५)

एवढे लांबण कशाला? श्रीनिवास रामानुजन कोणाच्या जादा तासांना बसले होते? विष्णू वासुदेव नारळीकर केंब्रिजचे रँग्लर, म्हणजे तेथील गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेले, आणि त्यांचे चिरंजीव जयंत नारळीकरही केंब्रिजचे रँग्लर, हा काय योगायोग आहे? आडात असेल तरच पोहऱ्यात येणार. बाकी सारे मुलांचे सांत्वन आहे.

खडूफळा (रविवार, सायंकाळी ५.३०)

औटकीकाका, श्लोकाच्या शेवटाने मला गप्प केले. आमच्या शाळेच्या भिंतीवरही त्याची पहिलीच ओळ आहे. आपल्या त्या दोन मुलांना उत्तर माझ्यापाशी नाही.

सडेतोड, आपण दिलेली दोन्ही उदाहरणे मला माझ्याच बाजूची वाटतात. नारळीकरांच्या वाराणसीतील घरात भिंतीवर फळे लावलेले होते आणि शिक्षणासाठी त्यांच्याकडे राहिलेले मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, त्यावर शाळकरी जयंतासाठी गणिताची आव्हाने लिहून ठेवत. उत्तर सापडेपर्यंत ते गणित फळ्यावरच राहत असे. वडील गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतची जाणकार, मामा गणिती आणि भिंतीवर न सुटलेले गणित. आता यातले रक्ताचे किती आणि फळ्याचे किती, ते आपण कोणत्या तराजूने वेगळे करणार? आडाचे म्हणाल, तर त्या घरात आड, पोहरा, दोर आणि ओढणारा हात हे सारे एकाच ठिकाणी होते.

रामानुजन यांची प्रतिभा अचाट होती, याबद्दल वाद घालणारा मी कोण? कागद महाग म्हणून ते पाटीवर गणिते करीत आणि हातातली पेन्सिल खाली न ठेवता कोपराने पुसून पुढचे लिहीत, वहीत उतरत ते फक्त निष्कर्ष. तो घासलेला कोपर मला अधिक बोलका वाटतो. शिवाय आपण चर्चा करतो आहोत ती शैक्षणिक यशाची. गणिताखेरीज इतर विषयांत नापास झाल्यामुळे कुंभकोणमच्या महाविद्यालयातील त्यांची शिष्यवृत्ती गेली आणि पुढे मद्रासेतही एफ.ए.ची, म्हणजे पदवीच्या आधीची, परीक्षा त्यांना उत्तीर्ण होता आली नाही. त्या वर्षांच्या निकालपत्रकानुसार ते अयशस्वी विद्यार्थी होते. म्हणजे उपजत बुद्धी एवढी असूनही शैक्षणिक यश मिळेलच, असेही नाही.

अर्धविराम (रविवार, रात्री ११.५०)

मी इंग्लंडमध्ये शैक्षणिक मोजमापाच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

आधी त्या चाचणीच्या नावाविषयी. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी तयार केली, ती कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल हे ओळखण्यासाठी. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न बदलणारी गोष्ट आहे, या समजाला स्वतः बिने यांचा विरोध होता. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात तिचे मराठी व कन्नड मुलांसाठी रूपांतर केले आणि 'बिने-कामत' चाचणी आजही वापरात आहे. मदतीसाठी बनवलेले साधन निवडीसाठी वापरायला लागल्यावर 'सराव' हा शब्द त्याला चिकटणारच, कारण मोजमापालाच बक्षीस लावले की लोक मोजमापाची तयारी करतात.

आता उपजत किती, याविषयी. या देशात १९९४ ते १९९६ या काळात जन्मलेल्या हजारो जुळ्यांचा त्यांच्या लहानपणापासून अभ्यास चालू आहे. एकसारखी जुळी (ज्यांची जनुके जवळजवळ सारखीच असतात) आणि साधी जुळी (ज्यांची जनुके इतर भावंडांइतकीच जुळतात) यांची तुलना करून २०१३ मध्ये असे मांडले गेले की, सोळाव्या वर्षी होणाऱ्या शालान्त परीक्षेच्या मुख्य विषयांतील गुणांच्या फरकांपैकी सुमारे ५८ टक्के फरक आनुवंशिक फरकांशी जोडता येतो. हा आकडा ऐकून सडेतोड यांना आनंद होईल, पण तो कशाचा आहे ते पाहावे लागेल. एखाद्या मुलीला ८० गुण मिळाले, तर त्यातले ४६ जनुकांचे आणि ३४ मेहनतीचे, असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही. हा आकडा एका विशिष्ट काळातल्या, विशिष्ट देशातल्या मुलांमधील परस्पर फरकांबद्दल बोलतो. उद्या सर्व मुलांना अगदी एकसारखी शाळा, एकसारखे घर आणि एकसारखा आहार मिळाला, तर परिस्थितीचे फरकच उरणार नाहीत आणि हा आकडा वाढेल. तो वाढणे म्हणजे मेहनत निरुपयोगी ठरणे नव्हे. उलट २००३ मध्ये अमेरिकेतील सात वर्षांच्या जुळ्यांवर झालेल्या एका अभ्यासात, सुस्थित घरांतील मुलांच्या बुद्ध्यंकातील फरकांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसला आणि अगदी गरीब घरांत तो जवळजवळ शून्यावर आला. पश्चिम युरोपात मात्र गरीब-श्रीमंतांमधला असा फरक दिसून आलेला नाही, हेही नोंदवते.

मेहनतवाद्यांनीही फार खूश होऊ नये. बर्लिनमधील व्हायोलिनवादकांवरील १९९३च्या अभ्यासातून 'दहा हजार तास' सराव केला की माणूस निष्णात होतो, ही कल्पना पुढे लोकप्रिय झाली. २०१४ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा हेतुपूर्वक केलेल्या सरावाने संगीतातील कौशल्याच्या फरकांचा सुमारे २१ टक्के आणि शिक्षणातील फरकांचा अवघा ४ टक्के उलगडा झाला. माझ्या मते या ४ टक्क्यांचे एक कारण असे की, अभ्यासाचे तास मोजले जातात आणि आधीची तयारी मोजली जात नाही. ज्याला विषय समजलेला नसतो तोच अनेकदा जास्त तास बसतो.

कोरडवाहू (सोमवार, सकाळी ६.२०)

ताई, तुम्ही जे सांगितले ते आमच्या बांधावर रोज दिसते. मागच्या खरिपात तुरीची एकच पिशवी मी अर्धी काळ्या रानात टाकली आणि अर्धी माळावर. काळ्या रानातली झाडे छातीला लागली, माळावरची गुडघ्यालाही आली नाहीत. बी एकच होते, म्हणून दोन रानांतला फरक साराच मातीचा होता. काळ्या रानातही एखादे झाड शेजारच्यापेक्षा वीतभर उंच होतेच. माती, पाणी, खत सारखे असताना आलेला तो फरक बियाण्याचाच म्हणावा लागेल. गुरुजींच्या त्या दोन बहिणी म्हणजे एका रानातली दोन झाडे झाली. तालुक्याच्या इंग्रजी शाळेतले पोर आणि आमच्या वस्तीवरचे पोर यांची तुलना करताना मात्र आपण रान न पाहता बियाण्याला शिव्या देतो.

अर्धविराम (सोमवार, सकाळी ११.१०)

कोरडवाहू, आपण लिहिलेत तेच रिचर्ड लेवोंटिन या आनुवंशशास्त्रज्ञाने १९७० मध्ये बियाण्याचेच उदाहरण घेऊन मांडले होते. मला ते समजून घ्यायला विद्यापीठात एक सत्र लागले.

नवखा_परभणी (सोमवार, दुपारी ३.४५)

मी येथे बहुधा वयाने सर्वांत लहान असेन. बारावीनंतर मी दोन वर्षे लातूरला राहून 'नीट', म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा, दिली. तिकडे आम्हाला 'रिपीटर' म्हणतात आणि त्या शब्दाची कोणाला लाज वाटत नाही, कारण गल्लीच्या गल्ली रिपीटरांनी भरलेली असते.

पहिल्या वर्षी मी रोज चौदा तास बसलो. भिंतीवर तक्ता लावून तासांच्या चौकटी रंगवत असे. सराव परीक्षेतले गुण एका जागी येऊन थांबले, ते हललेच नाहीत. विचारले की उत्तर मिळे, "तास वाढवा." दुसऱ्या वर्षी खोलीतल्या मित्राने चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही घालायला लावली. प्रश्न का चुकला, एवढे एकच वाक्य समोर लिहायचे. दीड महिन्याने ती वही चाळली, तेव्हा दिसले की भौतिकशास्त्रातल्या माझ्या निम्म्याहून अधिक चुका भौतिकशास्त्राच्या नव्हत्याच. सूत्र बरोबर, किमती बरोबर, आणि पुढे गुणोत्तर उलटे. एक राशी दुप्पट झाली तर दुसरी निम्मी होईल की चौपट, येथे माझा पाय घसरत होता, आणि हा सातवी-आठवीचा भाग आहे. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकले की १ कापला जातो, म्हणजे अशी प्रत्येक चूक मला ५ गुणांना पडत होती. चौदा तासांच्या त्या वर्षात मी सातवीचे पुस्तक एकदाही उघडले नव्हते, कारण ते उघडणे म्हणजे आपण 'ढ' आहोत हे मान्य करणे, असे मला वाटायचे.

त्यानंतर गुण वाढले, तरी एमबीबीएसला नंबर लागला नाही. आता मी कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि बरा आहे. मला सांगायचे आहे ते वेगळेच. 'मेहनत केली की सारे मिळते' हे वाक्य ज्याला मिळाले त्याला गोड लागते. ज्याला मिळाले नाही त्याला ते 'तू मेहनत केली नाहीस' असे ऐकू येते. २०२४ मध्ये २३ लाखांहून अधिक मुलांनी नीट दिली आणि देशात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. त्या सर्वांनी अभ्यास दुप्पट केला असता, तरी जागा एकानेही वाढली नसती. निकालाच्या दिवशी माझ्या वडिलांनी मला एकही शब्द विचारला नाही, पण शेजारच्या काकांनी विचारले, "कुठे कमी पडलास?" आपल्यात उपजतच नाही असे कोणी म्हटले असते, तर त्या दिवशी मला एक प्रकारे हलकेच वाटले असते.

औटकी (सोमवार, सायंकाळी ७.००)

बाळा, तुझे लिहिणे वाचून चष्मा पुसावा लागला. चुकांची वही सांभाळून ठेव, ती परीक्षेपेक्षा जास्त काळ उपयोगी पडेल.

हिरवाचाफा (सोमवार, रात्री १०.२०)

माझी मुलगी चौथीत आहे. ती लवकर वाचायला शिकली, तेव्हापासून घरातील सर्वजण, मीसुद्धा, येता-जाता तिला हुशार म्हणतो. या वर्षी असे लक्षात आले की, गणिताच्या पुस्तकात ज्या उदाहरणासमोर तारांकन असते, म्हणजे जे अवघड असते, ते ती सोडून देते आणि "मला आत्ता कंटाळा आलाय" असे म्हणते. तिला कंटाळा आलेला नसतो, चुकण्याची भीती वाटत असते. कारण उदाहरण चुकले तर हुशारी गेली, असा तिने हिशेब केला असावा. येथील चर्चा वाचून मला वाटू लागले की, उपजत बुद्धी असते की नसते हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी तिच्यासमोर त्याची चर्चा करणेच तिला महागात पडते आहे. जाणकारांनी सुचवावे.

अर्धविराम (मंगळवार, पहाटे १.०५)

हिरवाचाफा, आपला तर्क बरोबर असावा. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. कोडी सुटल्यावर काही मुलांना 'तू हुशार आहेस' असे सांगितले आणि काहींना 'तू कष्ट घेतलेस' असे. पहिल्या गटातील बहुतेकांनी पुढे सोपे काम मागितले आणि मुद्दाम दिलेल्या अवघड कोड्यांत अपयश आल्यावर त्यांची कामगिरी खालावली. यातून निघालेल्या, 'बुद्धी प्रयत्नाने वाढते' अशी 'मानसिकता' मुलांत रुजवणाऱ्या शाळाशाळांतील कार्यक्रमांचा परिणाम मात्र पुढील आढाव्यांत फारच माफक दिसला, त्यामुळे केवळ शब्द बदलल्याने मुलगी बदलेल, अशी अपेक्षा ठेवू नये. माझ्या घरी मी एवढेच करते की, मुलाचे उत्तर बरोबर आले तरी "कसे काढलेस?" असे विचारते आणि चुकले तरी तेच विचारते.

सडेतोड (मंगळवार, सकाळी ८.३०)

नवखा यांचे लिहिणे वाचून 'सांत्वन' हा शब्द मागे घेतो. बाकी मत कायम आहे. वहीने सातवीचे गुणोत्तर भरून निघाले, पण वेगाचे काय? तीन तासांच्या परीक्षेत तोच विचार दुसरा मुलगा निम्म्या वेळात करतो, हे वहीत कुठे लिहिणार?

खडूफळा (मंगळवार, सायंकाळी ६.१५)

सडेतोड, वेगाचा मुद्दा मला मान्य आहे. थोरल्या बहिणीला पाचव्यांदा समजत असे, आणि परीक्षा घड्याळ लावून घेतली की तिचे नुकसान होत असे. मात्र समजल्यानंतर ती धाकटीपेक्षा कमी चुकत असे, हेही मी पाहिले आहे. आमच्या परीक्षेत एका पेपरात ७५ प्रश्न आणि दीड तास, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद मिळतात. हे ७२ सेकंद माणसांनी ठरवलेले आहेत. ते १०० ठरवले असते, तर गावात हुशार मुलांची यादी थोडी वेगळी लागली असती.

शेवटी याच आठवड्यातील एक गोष्ट सांगतो. दुसरीत एक मुलगा नव्याने आला आहे. आधीच्या शाळेतून त्याच्याबरोबर 'मठ्ठ' हा शिक्का आला. त्रेसष्ट म्हटले की तो ३६ लिहितो, सत्तेचाळीस म्हटले की ७४. मी दोन दिवस नुसता पाहत राहिलो. तो ऐकत होता तसेच लिहीत होता. त्रेसष्ट या शब्दात तीन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर, म्हणून तो आधी ३ लिहायचा आणि त्याच्यापुढे ६. आपल्या संख्यानामांतील हीच अडचण ओळखून २०१९ मध्ये मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ तीन' अशी जोडीची पद्धत सुचवली होती, तेव्हा तिच्यावर केवढा गदारोळ झाला ते आपल्याला आठवत असेल. शब्दाचा उलटेपणा त्या मुलाने जसाच्या तसा कागदावर उतरवला होता आणि त्याला मठ्ठ ठरवण्यात आले होते.

काल मी त्याला 'साठ तीन' सांगून पाहिले, तेव्हा त्याने विनातक्रार ६३ लिहिले. आज सकाळी पुन्हा त्रेसष्ट म्हटले. त्याने पाटीवर आधी ३ लिहिला, पण या वेळी डावीकडे बोटभर जागा सोडून, आणि मग त्या जागेत ६ बसवला. ही युक्ती मी त्याला शिकवलेली नव्हती.